साहेबाच्या बंगल्यातली उजवी चप्पल

आमच्या घरात चपलेचा विषय निघाला की मी उठून अंगणात जातो. पाहुणे विचारतात, ह्यांना काय झालं? घरचे लोक तोंड दाबून हसतात आणि काही सांगत नाहीत. म्हटलं, लोकांनी वाकडंतिकडं सांगण्यापेक्षा आपली फजिती आपणच आपल्या तोंडानं सांगावी. चहा उकळतोय तोवर होईल सांगून. हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणजे थोडं वाटतं, पण चालतं.

आधी माझी एक सवय सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, शहाणासुरता माणूस असं करीलच कसा?

मी तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठं लागली ते माईकवरून ओरडायचं, आणि गाडी आलीच नाही की लोकांच्या शिव्या खायच्या. त्या नोकरीत माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की ह्या जगात कुठलीही वस्तू जागेवर राहत नाही. छत्री राहत नाही, जेवणाचा डबा राहत नाही, आणि चप्पल तर नाहीच नाही. खुद्द माझे चपलांचे तीन जोड गेले. एक देवळातून गेला, एक लग्नातून, आणि एक चक्क दवाखान्यातून, मी आत सुई टोचून घेत होतो तेवढ्यात.

तेव्हापासून मी आपल्याकडची जुनी युक्ती धरली. तुम्हीही करत असाल. एक चप्पल इथं काढायची, दुसरी तिथं. चोराला जोड लागतो, एकटी चप्पल घेऊन तो काय करणार? पण लोक काय करतात, एक दाराच्या ह्या बाजूला ठेवतात आणि दुसरी त्या बाजूला. चोर काही एवढा आळशी नसतो. म्हणून माझा नियम असा होता, की दोन चपलांच्या मध्ये निदान एक भिंत पाहिजे. ह्या नियमावर अकरा वर्षं माझा एकही जोड गेला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आता मूळ प्रसंग. आमच्या प्रियंकाचं लग्न वालूरला ठरलं. मुलगा चांगला, माणसंही चांगली. मुलाचे वडील म्हणजे दत्तराव गुरुजी, हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेले. साखरपुडा उरकला होता आणि लग्नाला दीड महिना होता. ह्या दीड महिन्यात मुलीच्या बापानं कसं राहायचं, ते मुलींच्या बापांनाच ठाऊक. बोलायचं तोलून, हसायचं बेतानं, आणि व्याह्यांनी काहीही सांगितलं की "असं व्हय? मला तर म्हाईतच नव्हतं" म्हणायचं. पत्रिकेचा मजकूर ठरवायचा म्हणून मी आणि आमची मंडळी, म्हणजे प्रियंकाची आई, ताडकळसहून वालूरला गेलो, ते मुक्कामालाच.

गुरुजींना एक नाद आहे. गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगचं धुराडं आहे, त्याच्याजवळ फेल्टन साहेबाचा बंगला आहे. निजामाच्या राज्यात हा गोरा साहेब कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, म्हणजे जिनिंग, काढायला आला. त्यानं बंगला बांधला, पोरंबाळं इथंच झाली, नातवंडं इथंच झाली. त्यातली शेवटची नात, मार्थाबाई, अजून त्याच बंगल्यात राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, डोळे घारे, नेसायला सुती पातळ. आणि बोलणं असं, की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कोणीतरी बाजारात मिरच्यांचा भाव करतंय. गावातल्या बारवा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, बघायला बाहेरची माणसं यायला लागली तशी गुरुजींनी तिला गळ घातली, की बंगलाही दाखवू. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गुरुजी लोकांना बंगला फिरून दाखवतात. तिकीट नावापुरतं, तेही कौलं फिरवायला जातं.

"उद्या रविवार हाय, पाव्हणं," गुरुजी रात्री जेवताना म्हणाले. "परभणीची वीस-बावीस माणसं यायलीत. तुमी बी चला. आपलं माणूस असलं की मला बोलायला हुरूप येतो."

मला जुन्या खुर्च्या बघायची काडीची आवड नाही. पण मी मुलीचा बाप होतो. म्हणालो, लय दिवसांपासून बघायचाच होता.

सकाळी लवकर उठलो तर उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला. ताडकळसच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेली चप्पल होती ती, वर कातडं आणि खाली टायर. आता व्याह्यांच्या गावात पाय फरफटत फिरणं बरं दिसत नाही, आणि चप्पल तुटली म्हणून त्यांना सांगणं त्याहून बरं दिसत नाही. ओसरीत खुंटीला पोती शिवायचं दाभण होतं, त्यातच हिरवा नायलॉनचा दोरा ओवलेला. घरात कोणी उठलेलं नव्हतं. मी अंगणाच्या कोपऱ्यात बसून अंगठा शिवला आणि दाभण होतं तसं खुंटीला लावून टाकलं. कोणाला पत्ता लागला नाही म्हणून स्वतःवरच खूश झालो.

बंगल्यावर गेलो. मोठा व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्चीवर मार्थाबाई बसलेली. परभणीची मंडळी आधीच आली होती. मार्थाबाईनं सगळ्यांना हातानं थांबवलं.

"चपला हितंच काढा बाबांनो. माज्या आजीनं फरशी अशीच ठिवली व्हती, मी बी तशीच ठिवलीय."

झालं. बघता बघता बावीस जोडांचा ढीग पडला. व्हरांड्याला दार नाही, कुंपण मोडलेलं, आणि दहा पावलांवर रस्ता. माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. डावी चप्पल मी कोरफडीच्या कुंडीमागं सरकवली. पण उजवीसाठी भिंत कुठून आणू? भिंती सगळ्या आत होत्या. मग मी काय केलं, उजवी काखेत मारली आणि खांद्यावरचा टॉवेल वरून नीट पांघरला.

आमच्या मंडळींच्या नजरेतून ते सुटलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, सुटणार कसं? ती जवळ येऊन हळूच म्हणाली, की निदान व्याह्यांच्या पुढं तरी असले चाळे करू नका. मी म्हटलं, गप बस, चोरीला गेली तर तू नवी आणून देणार का? ती गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

गुरुजींचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं, ते मान्य करायला पाहिजे. दिवाणखान्यात पियानो होता, भिंतीवर काळविटाचं मुंडकं, फेल्टन घराण्याच्या तसबिरी. प्रत्येक तसबिरीतला माणूस जणू कालपर्यंत गुरुजींच्या शेजारी राहत होता, असं ते सांगत होते. मार्थाबाई मागून येत होती आणि मधूनच एखादी दुरुस्ती सांगत होती, की ती काकू नव्हे, ती आत्या.

मग गुरुजींनी वर बोट दाखवलं. छताला कापडाचा लांबलचक पंखा टांगलेला होता आणि त्याची दोरी भिंतीतल्या कडीतून खाली आली होती. पूर्वी एक माणूस दिवसभर ती दोरी ओढत बसायचा म्हणे. गुरुजींनी मोठ्या कौतुकानं माझ्याकडं बघितलं.

"आमचे व्याही आलेत ताडकळसहून. पाव्हणं, तुमी ओढून दावा."

काखेत चप्पल घेऊन पंखा ओढून बघितलाय का तुम्ही कधी? मी डाव्या हातानं ओढला. पंखा नुसता थरथरला. गुरुजी म्हणाले, दोन्ही हातांनी ओढा, जोर लागतो त्याला. मी म्हणालो, खांदा दुखायलाय. लोकांना माझी दया आली. एक जण पुढं झाला, त्यानं जोरात दोरी ओढली आणि पंखा एवढा हलला की माझ्या खांद्यावरचा टॉवेल उडाला. मी तो हवेतच धरला. पण तेव्हाच ठरवलं, की आता ही ब्याद कुठंतरी ठेवलीच पाहिजे.

सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले, गुरुजी काट्या-चमच्यांची माहिती द्यायला लागले, तसा मी मागच्या मागं सटकलो. साहेबाच्या झोपायच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. तिथं भिंतीशी लाकडी घडवंची, आणि तिच्यावर साहेबाचे जुने बूट ओळीनं मांडलेले. मला एकदम हलकं वाटलं. चप्पल लपवायला पायताणांच्या ओळीसारखी दुसरी जागा आहे का? कापसाच्या ढिगात कापूस कोण शोधणार? मी ओळीच्या शेवटी माझी उजवी चप्पल ठेवली, टॉवेल झटकला आणि येऊन चमचे बघायला लागलो. दोन चपलांच्या मध्ये आता चांगल्या चार भिंती होत्या.

पाच मिनिटांत गुरुजी सगळ्यांना घेऊन त्याच छोट्या खोलीत आले. तिथं एक काचेचं कपाट होतं, त्याला पडदा लावलेला. गुरुजींनी पडद्याला हात लावला आणि थांबले. मास्तर माणूस, प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर कसं देणार?

"ह्या घडवंचीवरचे बूट नीट बघा," ते म्हणाले, "आणि मला सांगा, ह्यांच्यात काय येगळं दिसायलंय?"

परभणीच्या मंडळींत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या वाकल्या, एकेक बूट निरखला, आणि म्हणाल्या, हे सगळे उजव्याच पायाचे आहेत.

गुरुजींनी पडदा सरकवला. आत एक लाकडी पाय होता, गुडघ्यापासून खालचा, कातडी पट्ट्यांसकट. फेल्टन साहेबाचा डावा पाय जिनिंगच्या पट्ट्यात सापडला होता. पुढं उभ्या जन्मात त्यानं एकाच पायात बूट घातला. करणारा एकच बूट करायचा आणि तोही उजवा. सगळे काचेशी वाकून तो पाय बघायला लागले. मी मात्र पायाकडं बघत नव्हतो. मी घडवंचीकडं बघत होतो. नशीब कसं असतं बघा, डावी चप्पल ठेवली असती तर तिथल्या तिथं उघडी पडली असती. उजवी ठेवली म्हणून ती साहेबाच्या बुटांशेजारी मानानं बसली होती.

मार्थाबाई पुढं आली आणि बोटानं मोजायला लागली.

"सा व्हते," ती म्हणाली. "सात कशे झाले?" मग तिनं वाकून बघितलं. "ही कोनाची चप्पल हाय?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? माझी आहे म्हटलं तर बावीस परके लोक हसले असते, त्याचं काही नाही. एसटी स्टँडवर त्याहून जास्त लोक हसलेत मला. पण गुरुजींचा व्याही साहेबाच्या घरात काखेत चप्पल घेऊन हिंडत होता, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या वालुरात झाली असती. आणि माझ्या पोरीला जन्मभर त्याच गावात राहायचं होतं. ती पाणी आणायला निघाली की बाया म्हणाल्या असत्या, ती बघा, काखेत चप्पल मारणाऱ्याची लेक. तरी म्हटलं, खरं ते बोलून टाकावं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात गुरुजी पुढं झाले. त्यांनी चप्पल दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, उलटी करून बघितली.

"मार्थाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ही तीच तर न्हवं?"

"कोनची?"

"तुमीच सांगितलं व्हतं की. साहेब म्हातारपणी बूट घालीत नव्हते, गावातून देशी चप्पल करून घेतली व्हती."

मार्थाबाईनं गुरुजींकडं बघितलं. मग आम्हा सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. मग पुन्हा चपलेकडं.

"व्हय की," ती म्हणाली. "आजी लय कटकट करायची तिच्यावरून."

मी उघडलेलं तोंड मिटायचं विसरलो.

चष्मेवाल्या बाई मात्र चिवट होत्या. त्यांनी विचारलं, की खाली टायर कसं काय? गुरुजी म्हणाले, साहेबाची मोटर होती ना, ह्या भागातली पहिली, तिचंच टायर झिजल्यावर वापरलेलं असणार. लोकांनी माना डोलावल्या. एकानं फोटो काढला. बाई म्हणाल्या, आणि हा हिरवा दोरा? गुरुजींनी चप्पल पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाले, कापसाच्या गाठी शिवायचा दोरा. बाई म्हणाल्या, पण हा तर नायलॉनचा दिसतोय. गुरुजी म्हणाले, विलायतेहून यायचा.

"अजून कातड्याचा वास येतो," फोटो काढणारा म्हणाला.

"चांगल्या कातड्याचा वास जात न्हाई," मार्थाबाई म्हणाली.

काय सांगू, मला गुरुजींची इतकी दया आली. सगळी हयात इतिहास शिकवला ह्या माणसानं, आणि माझी बाजारातली टायरची चप्पल ह्यांना ओळखू येईना! किती पिढ्या पोरांना काय काय सांगितलं असेल कोण जाणे. आणि आता मी खरं बोललो असतो तर? परक्या बावीस लोकांसमोर माझ्या पोरीच्या सासऱ्याचं हसं झालं असतं. तेव्हा मी मन मोठं केलं आणि तोंड मिटलं. म्हटलं, जाऊ दे चप्पल, व्याह्यांची इज्जत राहिली पाहिजे.

गुरुजींनी चप्पल पुन्हा ओळीत सातवी ठेवली आणि माझ्याकडं वळून विचारलं, की पाव्हणं, कशी वाटली?

"लय जुनी दिसायलीय," मी म्हणालो. दिवाळीलाच घेतली होती.

बाहेर आलो. सगळे आपापल्या चपला घालत होते. माझी डावी कुंडीमागं होती, पण ती काढू कशी? आत साहेबाची उजवी आणि बाहेर माझी डावी, दोन्ही सख्ख्या बहिणी. कोणीही ओळखलं असतं. मी ढिगात उगाच इकडंतिकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. गुरुजी जवळ आले. मी म्हणालो, चप्पल गेली चोरीला.

"दोन्ही?" गुरुजींनी विचारलं.

"दोन्ही."

"एकाच जागी ठिवल्या व्हत्या का?"

"व्हय."

"मंग जाणारच," गुरुजी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. पण मुलाच्या बापाला अनवाणी चालवून मुलीच्या बापानं त्याच्या चपला घालायच्या? शक्यच नव्हतं. चैताचं ऊन, अकरा वाजलेले, बंगल्यापासून घरापर्यंतचा रस्ता मी असा चाललो, की मागून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस घाईत आहे. घरी विहीणबाईंनी मुलाच्या रबरी सपाता दिल्या. दोन नंबर मोठ्या होत्या. त्याच घालून ताडकळसला आलो.

गाडीत मंडळींना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, गुरुजी माणूस भोळा आहे, मी बोललो असतो तर आज इज्जत गेली असती.

"कोणाची?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढचा दीड महिना मी गुरुजींशी फार मायेनं वागलो. बस्ता बांधायला गेलो तेव्हा ते एका शालूच्या काठाबद्दल काहीतरी जुनी माहिती सांगायला लागले. मी शांतपणे ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बोला बिचारे. ते म्हणाले, लग्न संध्याकाळचं धरू, मी हो म्हणालो. ते म्हणाले, वाजंत्री आमच्या गावची आणू, मी हो म्हणालो. इकडं ताडकळसच्या हॉटेलात चार-पाच मित्रांना मी ही गोष्ट सांगितलीही, की व्याही इतका भोळा मिळालाय, सांभाळून घ्यावं लागतं. मित्र म्हणाले, मन मोठं आहे तुझं. मी नाही म्हणालो नाही.

लग्न आमच्या दारात होतं. मला नवे काळे बूट घेतले होते. विधीला बसायच्या वेळी बूट काढावे लागले, आणि मांडवात तर चारी बाजूंनी माणूस. डावा बूट मी कनातीमागं खांबाशी ठेवला. उजव्यासाठी भिंत शोधली, तर पलीकडच्या खोलीत रुखवत मांडलेलं होतं. लाडवांचे डबे, रंगीत विणकाम, भांडी, सगळं टेबलावर. टेबलाखाली रिकामी खोकी होती. त्यातल्या एकात बूट ठेवला आणि निश्चिंत मनानं येऊन बसलो.

अक्षता पडल्या. मग व्याहीभेट. आम्ही दोघं समोरासमोर आलो, गळ्यात पडलो, फोटोवाला म्हणाला, इकडं बघा, इकडं बघितलं. मी गुरुजींना टॉवेल-टोपी दिली, त्यांनी मला दिली. आणि टॉवेलाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात सरकवलं. कागद एका कोपऱ्याला फाटला होता. आत हिरवा दोरा दिसत होता.

"पाव्हणं," गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "दोरा आमच्याच खुंटीवरचा हाय. त्या दिशी सकाळी मी खिडकीतूनच बघत व्हतो."

कसाबसा म्हणालो, "मंग बंगल्यात तुमी ते साहेबाचं..."

"मार्थाबाईनं इचारलं अन् तुमचं तोंड बघवंना मला. सुचंल ते बोलत गेलो. आख्ख्या नोकरीत एवढं खोटं बोललो नसंल. ती मोटर, ती विलायत... दुसऱ्या रविवारी त्या चष्मेवाल्या बाईला फोन करून खरं सांगितलं, तवा कुठं जेवण गोड लागलं. तुमचं नाव न्हाई सांगितलं."

"अन् मार्थाबाई?"

"तिला तुमी आत आला तवाच कळलं व्हतं. निम्मी चप्पल टॉवेलाच्या भायेर व्हती. गंमत बघायची म्हणून इचारलं तिनं." मग टोपी नीट करत म्हणाले, "डावी मातर कुंडीमागून कुत्र्यानं नेली. तिचं काय मला करता आलं न्हाई."

दीड महिना मी ज्यांना भोळा, बिचारा म्हणत होतो, त्या माणसानं स्वतःची विद्या पणाला लावून माझी अब्रू झाकली होती, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. आणि तितकंच बरंही वाटलं, की माझी पोरगी ह्या घरात पडली. मी त्यांना पुन्हा मिठी मारली. फोटोवाला म्हणाला, झाला फोटो, सोडा आता. मी सोडलं नाही.

पाठवणी झाली. रडणं झालं. वऱ्हाडाची गाडी गेली, मागून सामानाचा टेम्पो गेला. मांडव रिकामा झाला तसा मी बूट शोधायला निघालो. डावा खांबाशी होता. उजव्यासाठी पलीकडच्या खोलीत गेलो, तर टेबलावर एकही डबा नाही आणि टेबलाखाली एकही खोकं नाही. रुखवत बांधून टेम्पोत गेलं होतं, वालूरला.

मग काय, डाव्या पायात नवा बूट आणि उजव्या पायात वर्तमानपत्रातली जुनी चप्पल घालून मी दारातल्या पाहुण्यांना निरोप देत उभा राहिलो. मंडळींनी माझ्या पायांकडं एकदा बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिच्या डोळ्यांत पोरीसाठी पाणी होतं, पण खांदे हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला.

"पाव्हणं, रुखवताच्या खोक्यात लाडवाच्या डब्याखाली एक बूट निघालाय. काळा हाय. उजवा हाय."

मी कोपऱ्यातल्या डाव्या बुटाकडं बघितलं.

"मार्थाबाई सून बघायला आलीय, हितंच बसलीय. ती म्हणायलीय, घडवंचीवर सातवी जागा रिकामीच हाय."

मी म्हणालो, ठेवा म्हणावं. एका बुटाचं मी तरी काय करणार होतो?

तर तो बूट तिथं आहे. मागच्या महिन्यात प्रियंकाला भेटायला गेलो होतो, रविवार होता, म्हणून तिकीट काढून बंगल्यात गेलो आणि गर्दीत मागं उभा राहिलो. गुरुजींनी पडदा सरकवला, साहेबाच्या पायाची हकीकत सांगितली, आणि मग घडवंचीकडं वळून म्हणाले, "हे सा बूट फेल्टन साहेबाचे, त्यांना एकच पाय व्हता. हा सातवा आमच्या व्याह्यांचा. त्यांना दोन्ही हायत."

सगळे हसले. मीही हसलो. मन अगदी मोकळं झालं होतं, कारण त्या दिवशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही चपला बाहेर, एकाच जागी, शेजारी शेजारी काढल्या होत्या.

बाहेर येऊन बघतो, तर दोन्ही गेलेल्या.